नाना, थर्मोस्टॅट परत बसवलाय

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

गाडी तापली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकायचा, हा सल्ला आपल्याकडे नाक्यानाक्यावर फुकट मिळतो. खान्देशातल्या कितीतरी पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर त्यामुळे थर्मोस्टॅटविना फिरतात. तुम्ही त्यावर वाद घातला नाहीत. गॅसवर पातेलं ठेवलंत, थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात सोडलात आणि आम्हाला नुसतं बघायला सांगितलंत. त्या दुपारबद्दल आणि नंतर भर मे महिन्यात फोनवर सांगितलेल्या सगळ्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर एवढ्यासाठी, की बोनट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या गाड्या अजून दिसतात आणि त्यांचे मालक अजून रेडिएटरलाच शिव्या देतात.

आधी पातेल्याबद्दल. थर्मोस्टॅट बुडाला टेकू द्यायचा नाही. बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं, आकडा खोटा येतो. थर्मामीटरही अधांतरी, आच मंद, पाणी सतत हलवत राहायचं. आणि तुमची ती दोऱ्याची युक्ती: झडपेच्या फटीत दोरा चिमटून थर्मोस्टॅट लोंबकळत ठेवला की झडप उघडताक्षणी तो सुटून खाली पडतो. डोळे फाडून बघत बसायला नको. ८२ अंशांचा शिक्का असलेला ८० ते ८४ च्या दरम्यान सुटला तर चांगला. पूर्ण उघडायला त्याला पुढे आणखी दहा-बारा अंश लागतात, आणि थंड पाण्यात टाकल्यावर तो घट्ट मिटला पाहिजे. थर्मामीटरवरच शंका असेल तर तो उकळत्या पाण्यात धरायचा. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पाणी ९९ अंशांना उकळतं. तेवढा आकडा दाखवला नाही तर आधी थर्मामीटर बदला.

मग कोणत्या आकड्याचा घ्यायचा? बाजारात ७४, ८२ आणि ८८ मिळतात. इथे तुम्ही सांगितलेलं आम्ही गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या लायकीचं समजतो: थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल ठरवतो रेडिएटर. तापमानाचा काटा ९५ वर गेला म्हणजे ७४ चा असो की ८२ चा, दोन्ही पूर्ण उघडेच असतात. तिथून पुढे थर्मोस्टॅटच्या हातात काही नाही. ७४ चा घातल्यावर काटा खाली आला, तर रेडिएटरमध्ये दम आहे, आणि मग ८२ नेही काही बिघडलं नसतं. खाली आला नाही, तर पैसे रेडिएटर खोलून साफ करण्यात घालायचे.

रेडिएटरचा हिशोबही तुम्ही असा बोटांवर मांडलात. पाणी ९० अंशांवर आहे. जानेवारीच्या सकाळी बाहेर १५, फरक ७५ चा. मे महिन्यात दुपारी भुसावळला ४५, फरक ४५ चा. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण बाहेर टाकली जाणारी उष्णता हिवाळ्याच्या साठ टक्केच. त्यात आतल्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या खाराने अर्ध्या बुजलेल्या असल्या तर लळिंगचा घाट काय, गावातला चढही पुरतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटर, त्यात तीस टक्के कुलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पन्नास टक्के घालायचं कारण नाही. कुलंट गंज रोखायला हवं. उष्णता वाहून न्यायला साधं पाणीच जास्त चांगलं. आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघायचं. ७ पीएसआय दाबाचं झाकण धड असेल तर नुसतं पाणीसुद्धा ११० च्या पुढे उकळतं. रबर तडकलं की तो फायदा गेला.

तर आपल्या बहुतेक गाड्यांना ८२. ८८ चा थंड मुलखासाठी ठीक. अजिबात न बसवणं मात्र सगळ्यात वाईट. हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोलने सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश राहून झाकणाखाली पांढरा चिखल धरतो. शिवाय काही इंजिनांत बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड थर्मोस्टॅटच बंद करतो. तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट वॉटर बॉडीत (पाण्याच्या पंपात) परत जातं. गार व्हावी म्हणून केलं आणि गाडी आणखी तापली.

बसवताना तीन ठिकाणी माती खाल्ली जाते. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला ५४ मिलीमीटर व्यासाचा लागतो. दुकानात व्हर्नियर घेऊन जायचं, ‘चालून जाईल’ ऐकायचं नाही. हाउसिंगचे स्टड गंजलेले असतात, रात्रभर तेल पाजल्याशिवाय पाना लावायचा नाही. तुटलेला स्टड हेडमधून काढणं म्हणजे दिवस गेला. आणि थर्मोस्टॅटची कड खाचेत नीट बसली आहे का ते बोटाने फिरवून बघायचं. ती वर राहिली आणि नट आवळले की हाउसिंगचा कान मोडतो. थर्मोस्टॅटची मेणाची कुपी (मेण तापून फुगलं की झडप उघडते) इंजिनाकडे, हवा जाण्याचं बारीक भोक वरच्या बाजूला. भोक नसेल तर ३ मिलीमीटरचं पाडून घ्यायचं, नाहीतर हेडमध्ये हवा कोंडते आणि पाणी भरलंय असं वाटूनही भरलेलं नसतं. इंजिन सुरू केल्यावर हात वरच्या होज पाइपवर. काही मिनिटं गार, मग एकदम गरम, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडाच अडकलाय. काटा लालवर आणि पाइप गार, तर मिटलेला अडकलाय. लगेच बंद करा.

आता गरम गाडी सुरू न होण्याबद्दल. हे दुखणं थर्मोस्टॅटचं नाहीच, हे आम्हाला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. गाडी चालताना ठीक असते. चहाला थांबलं, पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ (स्टार्टर) मारला की नुसती घरघर. दोन तासांनी तीच गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू. कारण बंद केल्यावर वॉटर बॉडी आणि पंखा थांबतात, पण लोखंडातली उष्णता थांबत नाही. ती वर चढते, आणि वर बसलाय पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, त्याने जुन्या गाड्यांचं हे दुखणं वाढलंय, कमी नाही.

तुमचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा: ‘वास येतोय का?’ पेट्रोलचा वास येतोय, प्लग काढला तर ओला, म्हणजे कार्बोरेटरच्या फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, ओतलं गेलंय. चोकला हात लावायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा. पंपिंग केलं की प्रत्येक दाबासरशी आणखी पेट्रोल आत जातं; बहुतेक जण नेमकं हेच करतात आणि बॅटरी उतरवून बसतात. वास नाही, प्लग कोरडा, म्हणजे एसी पंपात (इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपात) किंवा पाइपात वाफ झालीये. ओलं फडकं पंपावर टाकायची ट्रकवाल्यांची जुनी रीत इथे खरंच लागू पडते. एसी पंप पेट्रोल ओढतो. ओढलं की पाइपातला दाब कमी होतो आणि कमी दाबाला पेट्रोल आणखी लवकर उकळतं. म्हणून कायमचा इलाज हवा असेल तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावायचा, म्हणजे पेट्रोल ढकललं जातं. दाब २ ते ३ पीएसआय, त्याहून जास्त नको, नाहीतर फ्लोटची सुई पेट्रोल अडवून धरत नाही. आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल असा रिले हवाच.

त्याआधी स्वस्तातले उपाय. कार्बोरेटरखाली ६ ते १० मिलीमीटरचा बेकलाइटचा ब्लॉक, त्याखाली सायलेन्सरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. ब्लॉक टाकल्यावर बोनट बंद होतोय का ते आधी मातीचा गोळा ठेवून मोजायचं. एसी पंपाखाली मात्र मनाला येईल तेवढं जाड पॅकिंग टाकायचं नाही. दांड्याचा स्ट्रोक कमी होतो आणि पेट्रोल येणंच घटतं. पाइप मॅनिफोल्डपासून बोटभर तरी लांब. रबरी पाइप जुना ठेवायचा नाही, इथेनॉल त्याला आतून खातं. एसएई जे३० आर९ असं छापलेला घ्यायचा. आणि थांबण्याआधी मिनिट-दोन मिनिटं स्लोवर चालू द्यायची, बोनट उघडून ठेवायचा. याला तर पैसाही लागत नाही.

पेट्रोल ठीक असून सुरू होत नसेल तर करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, बघायचा. गरम असतानाच, गार झाल्यावर बघून काही कळत नाही. निळा आणि कडक हवा. पिवळा, मरगळलेला असेल तर आधी कंडेन्सर बदलायचा, मग कॉइल. ३ ओहमची कॉइल १०० अंशांवर जवळजवळ ४ ओहम होते, त्यात सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टवर आलेली. करंटला जोर कुठून येणार? कॉइल इंजिनावरून काढून गाडीच्या पत्र्यावर लावली तरी फरक पडतो. डेल्कोतल्या (डिस्ट्रिब्यूटरमधल्या) पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलीमीटर. आणि सेल्फच जड फिरत असेल तर तो बदलण्याआधी अर्थची वायर तपासायची. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांत मीटर लावायचा, ०.३ व्होल्टच्या वर आलं तर दोष तिथे. टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स असेल, म्हणजे ठिणगी फार आधी पडत असेल, तरी गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत आणि आम्ही दोनदा विसरलो.

हे सगळं तुम्ही एक पैसा न घेता सांगितलंत. येत्या हिवाळ्यात आसोद्याच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकर आमच्याकडून. पार्सल पाठवणार नाही, या.

तुमची,
जळगाव, भुसावळ आणि धुळ्याची जुन्या गाड्यांची मंडळी

ता. क. तुमचा थर्मामीटर आमच्याकडेच राहिलाय. परवा तपासला, ९९ दाखवतोय.