मॉडेमचा पासवर्ड ग्राहकाला मिळावा

महोदय,

फायबर ब्रॉडबँड घेतल्यावर कंपनीचा माणूस येऊन मॉडेम बसवतो, मोबाइलवर वेग मोजून दाखवतो आणि जातो. पण ज्या घरात दोन-तीन संगणक, प्रिंटर आणि स्वतःचा राउटर आधीपासून आहे, तिथली खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आमच्या घरी मॉडेममधून निघालेली लॅन केबल राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या खाचेत) जोडल्यावर इंटरनेट लगेच चालू झाले, परंतु मॉडेमच्या वायफायवर असलेल्या लॅपटॉपला राउटरवरचा प्रिंटर काही केल्या दिसेना. मॉडेम आणि राउटर दोघेही आपापल्या परीने उपकरणांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे ओळख क्रमांक) वाटत असल्यामुळे एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली होती. दोघांचाही मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असला, तर याहून अधिक गोंधळ होतो.

यावर एक उपाय ग्राहकाच्या हातात आहे: राउटरचा पत्ता बदलावा, त्यातील डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी आणि केबल वॅनऐवजी लॅन (घरातील उपकरणांसाठीच्या) पोर्टात लावावी. मात्र फायरवॉल (बाहेरून होणारा अनधिकृत शिरकाव रोखणारी सोय) आणि मुलांच्या वापरावरचे नियंत्रण स्वतःच्या राउटरवर हवे असेल, तर मॉडेम ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याला केवळ जोडणी पुढे पोचवण्यापुरते ठेवून, लॉगिनचे काम राउटरकडे सोपवणेच योग्य. त्यासाठी मॉडेमचा अ‍ॅडमिन पासवर्ड आणि बहुतेक ठिकाणी पीपीपीओई खात्याचा (कंपनीच्या इंटरनेटवर लॉगिन करण्याच्या खात्याचा) तपशील लागतो. तो मागितला असता ‘ग्राहकाला देता येत नाही’ एवढेच उत्तर मला मिळाले.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि जोडणीसाठी लागणारा तपशील कंपनीने न मागता, विनामूल्य द्यावा लागतो. सेटिंग बिघडल्यास तक्रारी वाढतील, ही कंपन्यांची भीती अगदीच निराधार नाही. पण मॉडेमपर्यंतची जबाबदारी कंपनीची आणि पुढची ग्राहकाची, असे लेखी ठरवता येते. शिवाय कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहणे किती धोक्याचे असते, हे त्याच वर्षी ‘मिराई’ या घातक संगणकीय प्रोग्रामने दाखवून दिले, असे पासवर्ड वापरूनच त्याने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने याची दखल घेऊन, जोडणीच्या दिवशीच अ‍ॅडमिन पासवर्ड, लॉगिनचा तपशील आणि ब्रिज मोडची माहिती मराठीत छापून ग्राहकाला देणे कंपन्यांना बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

— एक ब्रॉडबँड ग्राहक, नाशिक