विसार देण्याआधी

चि. मीनल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गुहागरच्या जागेचा सातबारा पाहिला. विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे म्हणून तू निर्धास्त झालीस, तिथेच थांब. सातबारा म्हणजे मालकीचा दस्त नव्हे, महसूल खात्याची नोंद. जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, एवढंच तिचं बळ. म्हणून नावापेक्षा नावापुढचे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, क्रमांक वाच. प्रत्येकाची नक्कल काढ. नाव कशामुळे चढलं ते तिथे कळतं: वारस, खरेदी, वाटप की कूळ. खरेदी असेल तर मूळ दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून घे. निदान तीस वर्षं मागे जा.

या उताऱ्यात मला खटकलं ते ‘ए.कु.मॅ.’ हे शेपूट आणि खाली सामाईकातली सात नावं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं नाव एकट्याच्या मालकीचं नसतं. त्याच्या बहिणी कुठे आहेत? बाप हिंदू वारसा कायद्यानंतर, म्हणजे 1956 नंतर, वारला असेल तर मुलीही वारस, मग तलाठ्याकडे त्यांची नावं कोणी सांगितलेली असोत वा नसोत. नोंद करायची राहिली म्हणून वाटा बुडत नाही. आपल्या कोकणात निम्मे दावे लग्न होऊन मुंबईला गेलेल्या आत्यांच्या न लागलेल्या नावांतूनच उभे राहतात, असं माझं मत.

सामाईकातला एक जण आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 44 त्याला तशी मुभा देतं. पण ‘रस्त्याकडची दहा गुंठे’ तो एकटा विकू शकत नाही, कारण वाटप होईपर्यंत इंच न् इंच सगळ्यांचा. तू घेतलास तर जागा नव्हे, वाटपाचा दावा विकत घेशील. त्यातलं जुनं घर तर आणखी अवघड: कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला संयुक्त ताबा मागताच येत नाही. तेव्हा आधी नोंदणीकृत वाटप, नाहीतर सगळ्या वारसांच्या खरेदीखतावर सह्या. हक्कसोडपत्र देणार असतील तर तेही नोंदवलेलं हवं. स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारून हक्क सुटत नाही.

साठेखताने, म्हणजे पुढे विकण्याच्या नुसत्या कराराने, मालकी येत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करायचा. आपल्या शेतीच्या 8-अ खातेउताऱ्यावर तुझं नाव आहे, म्हणून तू शेतकरी. जावईबापू नाहीत. शेतजमिनीच्या खरेदीखतात प्रेमापोटी त्यांचं नाव घालू नकोस, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला मनाई करणाऱ्या कूळ कायद्याच्या कलम 63 मध्ये अडकेल.

‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, हस्तांतरणाची बंदी तिथेच असते. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलं असेल तर आधी परवानगी, मग व्यवहार.

गडग्यावर विसंबू नकोस. चिऱ्यांचा गडगा म्हणजे मोजणीची हद्द नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्या हात-दोन हात सरकत असतो. खरेदीखताआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घे, लगतवाल्यांना नोटीस जाते, हरकत असेल ती तेव्हाच बाहेर येते. वाट कुठून आहे ते विचार. शेजाऱ्याच्या बागेतून ‘आम्ही कायम जातो’ एवढं पुरत नाही: वहिवाटीने हक्क मिळायला उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून वीस वर्षं वापर लागतो, तो कोर्टात शाबीतही करावा लागतो. त्यापेक्षा वाटेच्या मालकाकडून रुंदीसकट लिहून, नोंदवून घे. समुद्राजवळ घर बांधायचं असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, रेषा नकाशावर बघितल्याशिवाय आराखडा काढू नकोस.

फेरफारांच्या नकला मिळाल्या की मला पाठव. त्यांची वंशावळ मी इथे मांडून ठेवतो. तोवर विसार म्हणून एक रुपयाही देऊ नकोस, ‘दुसरं गिऱ्हाईक आलंय’ असं त्याने कितीही सांगितलं तरी.

तुझे,
बाबा