घिरट्या घालणारं विमान

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

तो चाक न उघडलेल्या विमानाचा व्हिडिओ पाहिल्यापासून बाबा विमानाचं नावही काढू देत नाहीत, असं आई म्हणाली. बाबा, "इतका वेळ वर घिरट्या घालत होतं, म्हणजे वैमानिकाचं काही चालेना," हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. खरं काम त्या घिरट्यांतच चाललेलं असतं.

चाकं एरवी हायड्रॉलिक, म्हणजे नळ्यांतल्या तेलाच्या दाबाने उघडतात. तो दाब गेला, तर त्यांना वर धरून ठेवणारं कुलूप सोडतात आणि ती स्वतःच्या वजनाने खाली येतात. चाकं नीट बसली की कॉकपिटमध्ये हिरवे दिवे लागतात. एखादा लागला नाही, तर बिघाड चाकात आहे की दिव्यात, हे आधी तपासावं लागतं. कधी विमान विमानतळाच्या नियंत्रण टॉवरजवळून कमी उंचीवर नेतात, म्हणजे खालच्या माणसांना चाकं बघून सांगता येतं. तोवर इंधन जळत असतं. विमान हलकं झालं की टेकताना वेग कमी लागतो, आगीचा धोकाही घटतो.

सप्टेंबर २००५ मध्ये जेटब्लू या अमेरिकी कंपनीच्या एअरबस ए३२० विमानाचं पुढचं चाक आडवं वळून अडकलं होतं. या विमानाला इंधन हवेत सोडता येत नाही, म्हणून वैमानिकाने ते जवळजवळ तीन तास फिरून जाळलं. मग लॉस एंजेलिसला मागच्या चाकांवर उतरून नाक जमेल तितका वेळ वर धरलं आणि अलगद टेकवलं. टायर जळाले, ठिणग्या उडाल्या, पण आतल्या १४६ जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये तर पोलंडमधल्या वॉर्सात कॅप्टन तादेउश व्रोना यांनी बोइंग ७६७ विमान एकही चाक उघडलं नसताना पोटावर उतरवलं. सगळे २३१ जण वाचले.

मला काळजी वाटते ती विमान थांबल्यानंतरची, आणि आई, ती तुझ्या पर्सची आहे. नव्या विमानाला मंजुरी देताना, निम्मे दरवाजे बंद असले तरी सगळे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावं लागतं. त्यात बॅगा काढायला वेळ धरलेला नसतो. औषधं, चष्मा, कागदपत्रं सगळं तिथेच सोडून ये. औषधं बाहेर मिळतील. बाबा, तुमच्या गुडघ्यांचं क्रूला विमानात चढतानाच सांगा. हाताशी वेळ असला की ते धडधाकट प्रवाशांना मदतीला नेमतात. पुढे वाकून डोकं खाली धरायला सांगितलं, तर विमान पूर्ण थांबेपर्यंत वर बघू नका. पहिल्या धक्क्यानंतर दुसरा बसू शकतो.

आणि पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर घट्ट. त्याचं बकल गाडीसारखं दाबायचं नसतं, झाकण वर उचलायचं असतं. घाईत हात सवयीने कडेचं बटण शोधतो. म्हणून बसल्या बसल्या दोघांनी दोन-तीनदा लावून-काढून बघा.

तुमची लेक