‘रन’चे अर्थ आणि समानार्थी शब्दांच्या याद्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीचा शब्दसंग्रह वाढावा म्हणून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांतून समानार्थी शब्दांच्या ज्या याद्या छापल्या जातात, त्यांच्या मांडणीविषयी हे पत्र आहे. डावीकडे एक परिचित शब्द आणि उजवीकडे स्वल्पविरामांनी तोडलेले आठ-दहा शब्द, असे त्यांचे रूप असते. पाठांतराला ते सोयीचे असले, तरी जे शब्द सर्वांत अधिक वापरले जातात नेमके त्यांच्याच बाबतीत ते विद्यार्थ्याला आडवाटेला नेते, असे माझे मत आहे.

उदाहरणादाखल ‘रन’ हा शब्द घेतो. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. तिच्यात ४३० अर्थ दिलेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले आणि पीटर गिलिव्हर या कोशकारांना त्या एका नोंदीसाठी सुमारे नऊ महिने लागले. माणूस धावतो, नदी वाहते, यंत्र चालते, संगणकावर आज्ञावली चालते, करार तीन वर्षे लागू राहतो, नाटकाचे प्रयोग होत राहतात, धुतल्यावर कापडाचा रंग जातो, वृत्तपत्र बातमी छापते, कोणी चोरून शस्त्रे आणतो; इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी ‘रन’ चालतो.

आता याद्या पाहा. ‘रन’समोर स्प्रिंट, फ्लो, ऑपरेट, मॅनेज, स्मगल, पब्लिश असे शब्द ओळीने मांडलेले असतात. यांतला प्रत्येक शब्द ‘रन’च्या कोणत्या तरी एका अर्थाशी जुळतो, हे खरे, पण स्प्रिंट आणि मॅनेज यांचे एकमेकांशी काही नाते आहे का? कोणताही शब्द दुसऱ्याला समानार्थी असतो तो एखाद्या विशिष्ट अर्थापुरता, आणि यादीत नेमका तो अर्थच गाळलेला असतो.

त्या अर्थाच्या आतसुद्धा अदलाबदल नेहमी जमत नाही. मराठीत नदीही वाहते आणि सर्दी झाली की नाकही वाहते. इंग्रजीत नदीला ‘रन’ आणि ‘फ्लो’ ही दोन्ही क्रियापदे चालतात. नाकाला मात्र ‘रन’च लागते. वाहण्याचा अर्थ तोच असताना ‘फ्लो’ तिथे का बसत नाही, याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते वापरात सापडते, आणि वापर वाक्यातूनच कळतो. नुसती यादी पाठ केलेला विद्यार्थी नाकासाठी ‘फ्लो’ लिहितो, आणि परीक्षकाने त्यावर लाल रेघ मारली तर आपले काय चुकले हे त्याला उमगत नाही.

याहून गमतीची गोष्ट निवडणुकीची. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. म्हणजे तिकडे धावतो आणि इकडे आपल्यासारखाच उभा राहतो. एरवी जवळजवळ विरुद्ध असलेली ही दोन क्रियापदे या एका जागी समानार्थी होतात. बँकेवरच्या ‘रन’चेही, म्हणजे ठेवी काढून घेण्यासाठी एकाच वेळी उडणाऱ्या झुंबडीचेही, तसेच. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर पैसे काढून घेण्यासाठी ठेवीदार रांगा लावून उभे होते, तरी त्या प्रसंगाचे इंग्रजी नाव ‘रन’ हेच होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून एकाच दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढले गेले, तेव्हा तर बहुतेक व्यवहार संगणक-मोबाइलच्या पडद्यावरच झाले; शब्द मात्र बदलला नाही. ‘रन’च्या नेहमीच्या यादीत या अर्थाला एकही जोडीदार मी पाहिलेला नाही. (रंगाच्या संदर्भात ‘फास्ट’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. ज्या कापडाचा रंग ‘फास्ट’, म्हणजे पक्का असतो, त्याचा रंग ‘रन’ होत नाही. माणूस मात्र खुशाल फास्ट रन करतो!)

एका लहानशा शब्दावर एवढा भार का पडतो, याचा विचार भाषाशास्त्रात झालेला आहे. जॉर्ज झिप्फ या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ मध्ये असे दाखवले की, शब्द जितका अधिक वापरला जातो तितके त्याचे अर्थही अधिक असतात. हा नियम केवळ इंग्रजीचा नाही. आपल्या ‘लागणे’ या क्रियापदाला भूक, आग, ठेच, नोकरी आणि निकाल हे सगळे सारख्याच सहजतेने लागतात. इंग्रजीत याच्या जोडीला तिचा इतिहास येतो. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर मूळच्या जर्मानिक शब्दांशेजारी फ्रेंच शब्द येऊन बसले आणि पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून आणखी शब्द घेतले. त्यामुळे विचारण्यासाठी ‘आस्क’ हा घरचा शब्द, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचमधून आलेला आणि ‘इंटरॉगेट’ हा लॅटिनमधला, अशी तिहेरी उतरंड तयार झाली. शेजाऱ्याला वेळ विचारताना ‘इंटरॉगेट’ केले तर त्याला आपण पोलीस वाटू, कारण त्या शब्दात उलटतपासणीचा सूर आहे. यादीत मात्र हे तिन्ही शब्द एकाच रांगेत बसतात.

आपल्या जुन्या कोशकारांनी हा घोळ होऊ दिला नव्हता. अमरकोशात समानार्थी शब्द विषयवार वर्गांत गुंफलेले आहेत आणि अनेकार्थी शब्दांसाठी तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग वेगळा ठेवलेला आहे. ‘हरि’ या शब्दाचे विष्णू, इंद्र, सिंह, घोडा, वानर, बेडूक असे अर्थ तिथे एकत्र मिळतात. पण म्हणून सिंह आणि बेडूक समानार्थी ठरत नाहीत. इंग्रजीतील प्रसिद्ध पर्यायकोश पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची मांडणीही एक हजार कल्पनांच्या शीर्षकांखाली होती, त्यामुळे ‘रन’सारखा शब्द त्यात अर्थागणिक वेगवेगळ्या ठिकाणी भेटतो. शिवाय तो कोश लेखन करणाऱ्यांच्या सोयीसाठी होता. ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याला तो उपयोगी पडतो; ज्याला शब्द मुळात माहीतच नाही, त्याला व्याख्येविना दिलेली शब्दांची रांग काय शिकवणार?

म्हणून अशी सदरे संपादित करणाऱ्यांना एक विनंती आहे. एखादा नित्याचा शब्द घेतला की त्याचे तीन-चारच अर्थ निवडावेत, प्रत्येक अर्थ मराठीत स्पष्ट लिहावा, त्याखाली एक साधे इंग्रजी वाक्य द्यावे आणि त्या वाक्यात जो पर्याय खरोखर बसतो तेवढाच नोंदवावा. पर्याय औपचारिक आहे की बोलण्यातला, ब्रिटिश आहे की अमेरिकी, हेही दोन शब्दांत सांगता येते. जागा मर्यादित असते हे मान्य आहे. त्यासाठी दहा शब्दांऐवजी एकच शब्द घेतला तरी चालेल.

आपला नम्र,
एक वाचक