लाल की केशरी

नागपूर,
१७ ऑगस्ट

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

सहा महिने तुला पत्र नाही, हा दोष माझाच. गुडघा आहे तसाच आहे.

परवा सोसायटीच्या झेंडावंदनानंतर मुलांच्या भाषणांना गुण देण्याचे काम माझ्याकडे होते. सातवीतल्या एका मुलाने बेधडक सांगितले की भगवा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा. मी पाच गुण कापले आणि वर सगळ्यांदेखत त्याची चूकही दाखवली. तो मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळू लागला आणि मला तू दिसलास. तू तर "लाल हिंदूंचा, असे आजोबा सांगतात" म्हणाला होतास, आणि मी उठून "लाल कुठला, केशरी!" असे ओरडल्यावर सगळा वर्ग हसला होता. बक्षिसाचे शाईचे पेन मला मिळाले, आणि ते आठवड्यात गळू लागले, हा तुझ्या शापाचाच परिणाम.

रात्री पुस्तके काढून बसलो. पिंगळी वेंकय्यांनी १९२१ साली बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, गांधीजींना दाखवलेल्या झेंड्याच्या नमुन्यात लाल आणि हिरवा हे दोन समाजांचेच रंग होते. इतरांसाठी पांढरा आणि वर चरखा गांधीजींच्या सांगण्यावरून आला. १९२३ साली सिव्हिल लाइन्समध्ये जो न्यायला बंदी होती, ज्याच्यापायी जमनालाल बजाज तुरुंगात गेले आणि वल्लभभाई नागपुरात ठाण मांडून बसले, तो झेंडा हाच: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल. आपण ज्या रस्त्याने सायकली दामटल्या, तिथे केशरी नव्हताच, वसंता!

लालाचा केशरी १९३१ मध्ये झाला, आणि रंगांना धर्माचा अर्थ नाही, हेही काँग्रेसने तेव्हाच ठरवले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी सारनाथचे चोवीस आऱ्यांचे चक्र घेतले, कारण चरखा झेंड्याच्या दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही. राधाकृष्णन यांनी तर हिरव्याचा संबंध मातीशी आणि झाडाझुडपांशी जोडला. म्हणजे आजच्या झेंड्यापुरते माझे गुण बरोबर. पण मुलाचे म्हणणे निराधार नव्हते, आणि तुझे तर मुळीच नव्हते. त्या मुलाला बोलावून हे सांगावे, तर त्याचे वडील म्हणतील, मास्तर आता गुण परत द्या. द्यावेत का?

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले ना? धाकटीचे लग्न ठरले की लगेच कळव, तिकीट काढून ठेवतो.

उद्या १८ ऑगस्ट. १९२३ साली याच दिवशी त्या झेंड्याची मिरवणूक अखेर सिव्हिल लाइन्समधून गेली. तुझे आजोबा तिच्यात होते का? तुझ्या घरी इतके जेवलो, पण त्यांना हे कधी विचारले नाही.

तुझा,
बाळू