मलप्रभेतले कासव

बेळगाव

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

खानापुराजवळ मलप्रभेच्या काठी तू टिपलेल्या कासवाचे फोटो मिळाले आणि ‘ही नवीच जात असणार’ हा तुझा निष्कर्षही वाचला. तो मला पटलेला नाही.

मऊ कातडीची पाठ, नळीसारखे पुढे आलेले नाक आणि पाठीवर डोळ्यांसारखी चार वर्तुळे, ही वर्णने लीथच्या कासवाशी जुळतात. त्याच्या पिल्लाच्या पाठीवर अशी चार ते सहा वर्तुळे असतात आणि वाढत्या वयाबरोबर ती पुसट होत जातात. त्यामुळे पिल्लू आणि जाणते कासव शेजारी ठेवले, तर जाणकारही क्षणभर त्यांना दोन जाती समजेल. तळ्यांत आढळणारे दुसरे मऊ पाठीचे कासव मागचे पाय पोटाकडच्या झडपांखाली झाकून घेते, पण तू पोटाचा एकही फोटो काढलेला नाहीस!

लीथच्या कासवाचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८७२ साली केले, तेही पुण्याकडच्या नमुन्यावरून. पुण्याची मुळा-मुठा भीमेतून कृष्णेला जाते आणि आपली मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेलाच मिळते. म्हणजे खोरे एकच, तेव्हा इथे वेगळी जात घडण्याचे कारण दिसत नाही. याउलट अमेरिकेतील सुवानी नदीचे खोरे शेजारच्या नद्यांपासून वेगळे पडलेले असल्याने तिथल्या मगरी-कासवाची (अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग टर्टल) कवटी, कवचाच्या मागच्या कडेची खाच आणि जनुके यांत फरक पडला, आणि २०१४ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले. त्याच शोधनिबंधात सुचवलेली आणखी एक जात मात्र अनेक अभ्यासकांनी नाकारली.

नुसत्या रूपावर भिस्त ठेवली तर काय होते, ते कुओरा सेराटा या आशियाई कासवाच्या प्रकरणात दिसले. प्राण्यांच्या व्यापारातून आलेल्या नमुन्यांवरून १९९२ साली त्याला नवी उपजात म्हणून नाव दिले गेले. पुढे जनुकीय तपासणीत तो दोन ज्ञात जातींचा संकर निघाला. खरे सांगायचे तर मला यात त्या शास्त्रज्ञांपेक्षा बाजारातून आलेल्या नमुन्याचाच दोष अधिक वाटतो, कारण तो कोणत्या नदीतला हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. तुझ्या कासवाचे ठिकाण तरी पक्के ठाऊक आहे, आणि ती तुझ्या नोंदीची सर्वांत मोलाची बाजू आहे.

म्हणून पुढच्या खेपेस पाठ, पोट आणि डोके यांचे वेगवेगळे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घे. मात्र त्यासाठी कासवाला हात लावायचा झाल्यास आधी वनखात्याची परवानगी काढ. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, शिवाय ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याचे मानले जाते. जनुकीय तपासणीसाठी ऊतीचा नमुना घेणे हे तर परवानाधारक संशोधकांचेच काम. तोवर वहीत ‘लीथचे कासव, पिल्लू, पोट पाहिलेले नाही’ एवढीच नोंद कर आणि तारखेसह ठिकाण मला कळव.

तुझा,
मधुकर