विषय: हायड्रेंजियाची 12 रोपं, दोन वर्षं, फूल शून्य

व्यवस्थापक,

काल फोन ठेवताना तुमच्या माणसानं विचारलं, "आणखी काही मदत करू का?" मदत अजून सुरूच झाली नव्हती, म्हणून हे पत्र.

मी गोव्यात, फोंड्यात फुलांच्या सजावटीची कामं घेते. इगर्जेतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लग्नांना हायड्रेंजिया हमखास मागतात आणि दांडे बाहेरून मागवले की माझ्या हातात काही उरत नाही. म्हणून जून 2023 मध्ये तुमच्याकडून प्रत्येकी 850 रुपयांची 12 रोपं घेतली. सहा कुंड्यांत, सहा माडांच्या सावलीत जमिनीत. तुमच्या साइटवर माझा पिनकोड टाकला की हिरवी टिक येते, 'तुमच्या हवामानास योग्य'. ती टिक लावणाऱ्याला मला एकदा भेटायचं आहे.

रोपं आली तेव्हा चारांवर गुच्छ होते. पंधरा दिवसांत ते कागदासारखे वाळले. तेव्हापासून नुसती पानं. पानं मात्र झकास, तळहाताएवढी, कडेला करवतीचे दात. शेजारीण कोबी कधी धरणार म्हणून विचारून गेली.

तुमचा धंदाच झाडांचा, तेव्हा हे मी शिकवायला नको: या झाडाला कळी धरायची तर काही आठवडे रात्री थंड लागतात, साधारण 18 अंशांच्या खाली. म्हणून ते उटीला फुलतं. पणजीत जानेवारीतसुद्धा रात्रीचा पारा सरासरी 20च्या आसपास असतो. आमच्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा तीनवरून एकवर येतो. त्या हिरव्या टिकेला हे ठाऊक नसेल. तुम्हाला नक्की ठाऊक होतं.

आता कालचं. चाळीस मिनिटं फोनवर, त्यातली पंचवीस तुमची सनई ऐकण्यात.

"मॅडम, छाटणी केली होती का?"

"केली. जानेवारी 2024 मध्ये, तुमच्याच माणसानं सांगितलं म्हणून. सगळी गुडघ्याइतकी ठेवली."

"अरेरे. हे जुन्या फांदीवर फुलतं. छाटलं की कळ्या गेल्या. कुणी सांगितलं छाटायला?"

"तुम्ही."

"आम्ही असं सांगत नाही."

मी तक्रार क्रमांक वाचून दाखवला. पलीकडे कीबोर्ड वाजला. मग, "हो, नोंद दिसतेय." बस्स, एवढंच. चुकलं म्हणायला जीभ वळली नाही. मी म्हटलं, त्यानंतर कात्री लावलेली नाही, मग यंदा का नाही फूल? तर म्हणे थंडी कमी पडली असेल, डिसेंबरात रात्री एसीच्या खोलीत ठेवून बघा. सहा रोपं जमिनीत आहेत, त्यांच्यासाठी खोली कुठून आणू? यावर तो हसला. आणि म्हणाला, "गोव्याचे लोक सुशेगाद असतात ना मॅडम, पाणी घालायचं राहत असेल."

लग्न असेल त्या दिवशी मी पहाटे तीनला उठते. बादल्या भरून, दांडे तिरके कापून उजाडायच्या आत फुलं गाडीत असतात. सुशेगाद म्हणजे निवांत, समाधानी माणूस. आळशी नव्हे. हे त्या मुलाला कळवा, आणि हेही कळवा की फूल न येण्याचं कारण त्यानं स्वतःच दोन मिनिटं आधी सांगितलं होतं.

फुलं निळी करायच्या पावडरीचं वेगळंच. 240 रुपयांचं एक, अशी चार पाकिटं गळ्यात मारलीत. आत ॲल्युमिनियम सल्फेट. निळा रंग यायला आम्ल माती आणि ॲल्युमिनियम लागतं, आणि आमच्या जांभ्याच्या मातीत दोन्ही आयतंच. म्हणजे गोव्यात जांभ्याचा चिरा विकायला आलात. शिवाय रंगवायला आधी फूल हवं!

वाईट याचं वाटतं की सहा वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच घेतलेला मोगरा दारात अजून बहरतो. त्या भरवशावर मी 12 रोपं एकदम घेतली, नाहीतर दोन घेऊन बघितलं असतं. आता तुमचा मेसेज आलाय: ट्युलिपचे कंद, 'तुमच्या हवामानास योग्य'.

रोपांचे 10,200 आणि पावडरीचे 960, मिळून 11,160 रुपये पंधरा दिवसांत परत करा. कूपन नको. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल, आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा लागत नाही. गोव्यातल्या तारखांना तुम्हीच या. डिसेंबरात आलात तरी स्वेटर लागणार नाही.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक ग्राहक, फोंडा

ता.क. चारही पाकिटं न फोडता कुरियरनं परत पाठवली आहेत. त्याचे 90 रुपये हिशेबात धरा, म्हणजे 11,250.